फुलीची मोहीम आणि अंगठ्याचा तह

अखंडितवाचनलक्ष्मीअलंकृत, एकेसमयी वीस खिडक्या उघडून ठेवणार, 'नंतर वाचू' म्हणोन जतन करणार आणि जतन केलेले विसरणार, कृपासिंधु वाचक महाराज यांचे सेवेसी ही हकिकत सादर असे.

राज्ये होतात आणि जातात, आणि त्यांचे वृत्तांत लिहिणारेही पुष्कळ होऊन गेले. परंतु एका लेखाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सुखरूप पोचण्यास मनुष्यमात्रास काय हाल सोसावे लागले, हे कोणी लिहून ठेविले नाही. सबब जे घडले ते, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, पदरचे काही न घालता आणि कोणाची भीड न धरता येथे लिहिले आहे. यात पराक्रम आहे, वेढा आहे, मसलत आहे आणि तह आहे. रक्तपात नाही, एका वृद्ध पुरुषाचा अंगठा मात्र दुखावला होता, तोही पुढे बरा जाहला.

तर एका शहरात, रहदारीच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वरल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांतून एक संस्थळ चालत असे. संस्थळाचा नेम ऐसा, की रोज सकाळी एकच लेख काढावा, पण तो धड काढावा. नळ कोरडे का, पुलाचे काम कोठे अडले, शाळेच्या बाकांची उंची कोणत्या शहाण्याने ठरविली, ऐसे विषय घ्यावे, स्वतः जाऊन पाहावे, मग लिहावे. या दौलतीच्या मुख्य धनी संपादिका. त्यांस सारी कचेरी 'वहिनी' म्हणे, कारण जाहिरातींचा कारभार पाहणारे त्यांचे सख्खे धाकटे दीर त्यांस वहिनी म्हणत. आणि त्या दिरास सारी कचेरी 'भावजी' म्हणे, कारण वहिनी त्यांस भावजी म्हणत. नवा मनुष्य कामास लागला की आपण नोकरीस लागलो की नात्यात पडलो, याच विचारात त्याचा पहिला आठवडा जाई. वहिनींचे यजमान शाळेत भूगोल शिकवीत आणि या राज्याच्या सीमेत पाऊल घालीत नसत. त्यांचे मत ऐसे, की एका घरातून एके वेळी दोन माणसांनी बुडणे पुरे आहे.

तिसरी असामी पानाची मांडणी करणारी. अक्षर केवढे, ओळीत अंतर किती, समास कोठवर, हा सारा मुलूख तिच्या हाताखाली. तिचे खरे नाव पगाराच्या दिवशीच बाहेर निघे. एरवी 'अहो, जरा मोकळीक सोडा' हेच वाक्य सदा तोंडी असल्याने ती सर्वत्र मोकळीक म्हणोनच मशहूर होती. कोरी जागा ही मोकळीकची देवता. कोणी तेथे बोटभर चित्र आणून ठेविले, तर आपल्या अंगणात परक्याची गाडी उभी राहावी तैसा तिचा चेहरा होई.

आणि खजिना म्हणजे जाहिराती. वाचक महाराजांस लेख फुकट मिळे. परंतु फुकटाची किंमत कोणी ना कोणी भरतोच, ती येथे एक बडा दलाल भरी. हा दलाल जगभरच्या जाहिराती आणून संस्थळावर उतरवी आणि महिन्याचे महिन्याला हिस्सा पाठवी. त्याचे तोंड कोणी पाहिले नव्हते. त्याचा वकील फोनवर बोले, आणि त्याची वाणी ऐसी मधाळ, की बोलणे संपल्यावर भावजी फोन पुसून ठेवीत.

येथे या कचेरीचा एक दस्तूर सांगणे अवश्य आहे, कारण पुढल्या अनर्थाचे बीज त्यातच होते. आरंभीच्या काळी भावजींनी, खजिन्यास हातभार म्हणोन, एक अख्खी दुपार स्वतःच्याच पानावरील जाहिरातींवर टिचक्या मारण्यात खर्ची घातली. दलालाने ती लबाडी पकडली आणि हिस्सा जप्त केला, आणि वर ताकीद दिली, की घरच्या माणसांचे बोट जाहिरातीस लागता कामा नये. मग मोकळीकने बंदोबस्त ऐसा केला, की कचेरीतला मनुष्य आपल्या पासवर्डाने पान उघडील तर त्यास जाहिरात दिसूच नये. कोरे करकरीत पान, त्यावर लेख, दुसरे काही नाही. यास आतला दरवाजा म्हणत. कचेरीत असोत, घरी असोत, सारे याच दरवाजाने आत येत आणि याच दरवाजाने बाहेर जात. मग काळ लोटला, आणि बाहेरून आपले राज्य कैसे दिसते, हे तिघांपैकी एकासही ठाऊक राहिले नाही. राजाने किल्ल्याच्या वेशीतून कधी प्रवेशच न करावा, सदा चोरवाटेने महालात उतरावे, आणि वेशीवर बाजार भरला आहे याची खबर त्यास नसावी, तैसा प्रकार जाहला.

आणि बाजार भरलाच होता. प्रथम समासात एक उभी पट्टी आली आणि म्हणाली, मी कोपऱ्यात पडून राहीन. मग तळाशी एक आडवी पट्टी आली, आणि ती पान सरकले तरी आपण सरकेना. मग एक चलच्चित्र आले, ते कोणी न विचारता आपणहून चालू होई, आणि त्यातील बाई फरशी पुसण्याचे यंत्र हाती धरून अकारण हसे. मग 'सूचना पाठवू का?' म्हणणारी घंटा आली, मग कुकीजना मान्यता मागणारा चौकीदार आला, मग वजन उतरविणारे आले, वजन वाढविणारे आले, आणि फौजेमागून चालणारे बाजारबुणगे फौजेहून भारी व्हावे तैसे होऊन, लेखाचा एक परिच्छेद चाले आणि त्यामागे तंबू, दुकाने आणि गारुडी यांची रांग लागे.

भावजींचा तरी दोष किती म्हणावा? टिचकीमागे दलाल जो भाव देई, तो सदा पडत होता. भाव पडला की भावजी एक जाहिरात वाढवीत, आणि जाहिरात वाढली की भाव आणखी पडे, आणि हे गणित उलगडत नसल्याने भावजी रात्रंदिवस हवालदिल असत. तथापि दोन गोष्टींचा त्यांस मोठा अभिमान. एक, आपला वाचक पानावर फार वेळ थांबतो. दुसरी, आपला वाचक जाहिरातींवर टिचक्या फार मारतो. या दोहोंचा खरा अर्थ पुढे निघाला, तो यथास्थळी येईल.

वाचकांच्या तक्रारी येत. 'पान उड्या मारते', 'ओळ सापडत नाही', 'ती बाई हसायची थांबत नाही', ऐसा मजकूर असे. कचेरीत तिघेही पान उघडून बघत, ते स्वच्छ दिसे, आणि मग जबाब रवाना होई, की आमच्याकडे व्यवस्थित दिसते, कृपया आपला फोन बंद करून पुन्हा सुरू करावा.

सोमवारी दरबार भरे. तेथे भावजी नव्या जाहिरातीस जागा मागत, आणि मोकळीक ती नाकारी. पान बाहेरून कोणी पाहिले नव्हते, तरी जागेवरून युद्ध मात्र नेमाने होई.

"हिनं तोंड उघडलं की मला घरभाडं आठवतं," भावजी म्हणत.

"तुम्ही तोंड उघडलंत की मला तुमच्या यादीतली ती आडवी पट्टी आठवते. सरकायचं नावच नाही."

"अगं, कोऱ्या जागेत काय पिकतं?"

"वाचक पिकतो."

"पिकलेला वाचक काही देत नाही, बाई. आमचे अण्णा बघ!"

मग वहिनींचे फर्मान सुटे, की भावजींनी जाहिरात एकच वाढवावी आणि मोकळीकने तिच्या चहूबाजूंस बोटभर जागा राखावी. उभय पक्ष नाराज होऊन उठत, म्हणजे निवाडा न्याय्य जाहला, हे वहिनींचे राजनीतीचे सूत्र होते.

आता अण्णांचे वर्तमान. अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे आणि भावजींचे तीर्थरूप. उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला, सबब 'चांगले आहे' हे शब्द त्यांच्या जिभेस ठाऊक नव्हते. रोज सकाळी त्यांनी सुनेचा लेख फोनवर वाचावा, आणि दुपारी वहिनी जेवावयास घरी आल्या की त्यावर एक वाक्य बोलावे, हा त्या घरचा रिवाज. 'पहिले दोन परिच्छेद काढलेस तर तिसऱ्यात लेख सुरू होतो.' 'तुझा इंजिनियर फार शहाणा बोलतो, त्याला तू शिकवलंस काय?' ऐसी ती वाक्ये असत. वहिनी वरकरणी रुसत, परंतु त्या वाक्यावरच त्यांचा दुसरे दिवशीचा लेख उभा राही. हजारो वाचकांचे आकडे एकीकडे आणि अण्णांचे वाक्य दुसरीकडे, ऐसे त्यांस झाले होते.

ऐसे असता अण्णा एकाएकी म्हणू लागले, "छान होता."

वहिनींचा घास हातात राहिला. दुसरे दिवशीही छान होता, तिसरे दिवशीही छान होता. किल्ल्यावरची तोफ अचानक फुले उधळू लागली, तर किल्लेदार जितका घाबरेल तितक्या वहिनी घाबरल्या. त्यांनी परीक्षा म्हणोन विचारिले, की शेवट कैसा वाटला. अण्णा पाण्याचा पेला उचलून म्हणाले, "शेवट? शेवटासारखा शेवट."

मग वहिनींस रुखरुख लागली. म्हाताऱ्याची नजर गेली, की स्मरण गेले, की त्याहून वाईट, आपल्या लिहिण्यातले मीठ गेले आणि ते दयेपोटी बोलत नाहीत? हे त्यांनी यजमानांस बोलून दाखविले. "मी लिहिते तेच आता वाचण्यासारखं राहिलं नसेल का हो?"

भूगोलवाले वह्या तपासता तपासता बोलले, "आधी डोळे तपासू. ते तुझ्या कचेरीखालीच तपासून मिळतात."

याच सुमारास बड्या दलालाचा वकील एक मसलत घेऊन आला, की 'महापडदा' नावाची नवी जाहिरात निघाली आहे, ती साऱ्या पानावर उतरते आणि आपली मुदत पुरी झाल्यावाचून हटत नाही. ती घ्याल तर वर्षाची रक्कम आगाऊ मिळेल, न घ्याल तर आमचा भाव आम्हांस आणखी उतरवावा लागेल. रक्कम ऐसी, की दोन्ही खोल्यांचे भाडे आणि तिघांचे पगार निर्वेध चालावे. मोकळीक म्हणाली, की महापडदा आला तर मी गेले. भावजी म्हणाले, की महापडदा न आला तर सारेच गेलो. वहिनींनी एरवी तत्काळ नकार कळविला असता. पण मनात ऐसे आले, की अण्णासुद्धा जर शेवटापर्यंत वाचीत नाहीत, तर हा पडदा अडवायचा तरी कोणासाठी? आणि त्यांनी वकिलास सांगून पाठविले, की उद्या दुपारी फोन करावा, जबाब मिळेल.

दुसरे दिवशी वहिनी अण्णांस घेऊन चष्म्याच्या दुकानी दाखल जाहल्या. वकिलाचा फोन येणार म्हणोन भावजीही जिना उतरून आले. दुकानाचे धनी चष्मेवाले मोठे बोलके गृहस्थ, त्यांनी अण्णांस खुर्चीवर बसवून भिंतीवरची अक्षरे वाचावयास सांगितली, आणि अण्णांनी ती वरून खाली घडाघड वाचून वर शेरा मारला, "शेवटच्या ओळीतला 'ळ' जरा खाली बसलाय. छापणाऱ्याला सांगा."

"यांना नवा चष्मा नको," चष्मेवाले म्हणाले. "मलाच यांची गरज आहे. मग आजोबा, त्रास कधी होतो? रोज काय वाचता, तेच वाचून दाखवा बघू."

"राहू द्या हो," अण्णा म्हणाले, आणि एक नजर सुनेकडे आणि एक मुलाकडे टाकली.

"वाचा ना अण्णा, आज माझाच आहे," वहिनी म्हणाल्या. तो लेख पदपथांविषयी होता: रस्त्याकडेची जागा पायी चालणाऱ्याची असता ती फेरीवाले, फलक आणि गाड्या यांनी कैसी व्यापिली, आणि चालणारा मनुष्य अखेर गटारावरून कैसा उड्या मारीत जातो, याचे त्यात वर्णन होते.

मग अण्णांनी खिशातून फोन काढिला, आणि दुसऱ्या खिशातून आपल्या वाचायच्या चष्म्याचे रिकामे घर काढून काचेच्या फळीवर तयार ठेविले, आणि मोहिमेस निघाले.

प्रथम चौकीदार आडवा आला. त्यास मान्यता देऊन अण्णा आत शिरले. मग घंटा वाजली. तीस 'नको' म्हणोन बाजूस सारिले. मग पहिल्या परिच्छेदावर नजर ठेवितात तोच वरून एक पट्टी उतरली आणि परिच्छेद खाली पळाला. अण्णा त्याच्या मागे गेले. मग उजवीकडून वजन उतरविणारे धावून आले. त्यांस घालविण्याची फुली कोपऱ्यात होती, पण ती मोहरीएवढी, आणि तीही करड्यावर करडी. अण्णांनी अंगठा नेम धरून सोडिला, तो फुलीवर न पडता जाहिरातीवर पडला, आणि दुसऱ्याच मुलखाचे दार उघडून अण्णा तेथे जाऊन पोचले. पण गडी कसलेला. मागे फिरले, पान पुन्हा उघडिले, चौकीदारास पुन्हा सलाम केला, आणि हसणारी बाई फरशीचे यंत्र घेऊन प्रकट होताच चष्म्याचे घर उचलून नेमके तिच्या तोंडावर ठेविले, आणि घराच्या वर उरलेल्या दोन ओळी वाचू लागले. तेवढ्यात पान हलले आणि बाई घराखालून सरकून बाहेर आली.

"हे काय आहे?" वहिनी म्हणाल्या.

"तुमचं संस्थळ," अण्णा म्हणाले.

"हे आमचं नाही!" म्हणोन वहिनींनी आपला फोन काढिला आणि अण्णांच्या फोनाशेजारी ठेविला. एकीकडे कोरे करकरीत पान, दुसरीकडे जत्रा. आणि लेख एकच. भावजी वाकून पाहते जाहले, आणि त्यांच्या तोंडाचा रंग उतरला.

"अण्णा, रोज कुठवर वाचता हो?"

"ती बाई पुसायला लागते तिथवर."

"आणि शेवट?"

"अंदाजानं सांगायचो. तुझे शेवट मला ठाऊक आहेत गं."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णा चष्म्याचे घर खिशात घालीत म्हणाले, "लेख सुनेचा, जाहिराती मुलाच्या. एक डोळा तुझा, एक याचा. कुठला मिटू?"

आणि त्याच क्षणी वकिलाचा फोन वाजला, आणि मधाळ वाणी दुकानभर पसरली, "सर, तुमच्या वाचकाला बाजारात तोड नाही! काय थांबतो पानावर, काय टिचक्या मारतो!"

भावजींनी तीर्थरूपांच्या लालभडक अंगठ्याकडे पाहिले, आणि दोन्ही अभिमानांचा अर्थ त्यांस एकदम उमगला. वाचक थांबत होता तो फुली शोधीत थांबत होता. टिचक्या मारीत होता त्या चुकलेल्या नेमाच्या होत्या. टिचकी मारून जो दुकानात पोचे, तो काही विकत न घेता शिव्या देत मागे फिरे. म्हणोन जाहिरातदार भाव पाडीत, आणि भाव पडला म्हणोन भावजी आणखी एक फुली पेरीत. इतक्या वर्षांचे न उलगडलेले गणित चष्म्याच्या दुकानात उलगडले. भावजी फोनात एवढेच म्हणाले, "उद्या सांगतो," आणि या खेपेस फोन न पुसताच खिशात घातला.

मग वर जाऊन वहिनींनी फर्मान काढिले, की आतला दरवाजा आजपासून बंद. सर्वांनी बाहेरील वेशीतून, रयतेसारखे, आपापल्या फोनावर आत शिरावे, आजचा लेख शेवटापर्यंत वाचावा, आणि शेवटचे वाक्य दरबारात येऊन म्हणून दाखवावे. घरच्यांचे बोट जाहिरातीस लागल्यास दलाल जप्ती करील, ही भीती भावजींनी घातली. त्यावर वहिनी म्हणाल्या, की करू दे.

बिनीस भावजी निघाले, आणि बराच वेळ त्यांचा ठाव लागला नाही. परतले तेव्हा त्यांच्या नावे फरशी पुसण्याचे एक यंत्र पिशवीत पडले होते आणि पैसे कसे भरणार, असा प्रश्न पडद्यावर होता. मोकळीक अर्ध्या वाटेत थबकली. आपण जतन केलेल्या समासात कोणी वजनकाटा मांडून बसला आहे, हे पाहून तिचे डोळे भरले. खाशा वहिनी, लेख स्वतःचा, वाक्य स्वतःचे, तरी ते त्यांस गाठता आले नाही. सबब त्या दिवशी शेवटचे वाक्य दरबारात कोणीच म्हणू शकले नाही.

"काढून टाका सगळं!" मोकळीक म्हणाली.

"काढ. मग पगारही काढ."

"एक दिवस तरी, भावजी. एकच!"

तो दिवस तिला देण्यात आला. पान कोरे जाहले, आणि काय शोभा वर्णावी! वाचकांचे खलिते आले, की डोळे निवाले, धन्य झालो, ऐसेच राहू द्यावे. भावजींनी ते सारे मोठ्याने वाचून दाखविले आणि मग विचारिले, "रयत खूश आहे. रयतेनं पाठवलं काय?" पाहता, टाळ्या वाजविणाऱ्या हातांचे चित्र पुष्कळांनी पाठविले होते. मोकळीक खाली मान घालून म्हणाली, "बरं. किती जागा हवी, बोला."

या वाक्याने युद्ध संपले आणि तहाची बोलणी सुरू जाहली.

येथे अनपेक्षित कुमक खालच्या मजल्यावरून आली. चष्मेवाले जिना चढून आले आणि म्हणाले, "आजोबांची लढाई बघून मला झोप नाही. दलाल-बिलाल नको, मला थेट एक जागा द्या. हलणारी नको, ओरडणारी नको. मजकूर मी लिहून आणलाय." तो मजकूर येणेप्रमाणे: 'हे तुम्हांला सहज वाचता येत असेल, तर आमच्याकडे येण्याची गरज नाही.' अण्णांस तो वाचून दाखविता ते हसले, आणि हे पाहून भावजींस विश्वास आला, की जाहिरात मनुष्यास पळवून न लावताही करिता येते.

मग कलमे ठरली. लेख निम्मा वाचून होईपर्यंत कोणी वाटेत येऊ नये. मग एक जाहिरात यावी, ती स्थिर असावी, आणि तिची जागा पान उघडतानाच राखून ठेवावी, म्हणजे ओळी पळणार नाहीत. दुसरी लेख संपल्यावर यावी. त्याखाली वाचक महाराजांस विनंती असावी, की इथवर आलात, आवडले असेल तर वर्षाकाठी हातभार लावा; ही विनंती शेवटीच करावी, दारात उभे राहून करू नये. फुली किती मोठी असावी, यावर मात्र दोन्ही पक्ष पुन्हा हातघाईवर आले, तेव्हा वहिनींनी अण्णांस कचेरीत बोलाविले, कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा टेकवून त्याभोवती पेन्सिल फिरविली, आणि हुकूम केला, की या दौलतीत फुलीचे माप हेच. मोकळीकने तो कागद आपल्या पडद्याशेजारी चिकटविला, तो अद्याप तेथेच आहे.

मग वकिलास जबाब गेला, की महापडदा नामंजूर, आणि बाजारबुणग्यांनी डेरे उचलावे. वकिलाची वाणी प्रथमच मध सांडून बसली. तो म्हणाला, की पस्तावाल. आणि हेही लिहिणे प्राप्त आहे, की काही काळ पस्तावण्यासारखीच दशा होती. दलालाचा हिस्सा आटला आणि नवी रसद पोचली नव्हती, सबब दोन खोल्यांपैकी एक सोडावी लागली, आणि वहिनी व भावजी एकाच मेजाच्या दोन बाजूंस समोरासमोर बसू लागले, आणि ज्यास ज्याचे तोंड पाहणे नको असेल त्याने खिडकीकडे पाहावे ऐसे ठरले. मधल्या जाहिरातीची चौकट रुंद व्हावी म्हणोन मोकळीकने आपला लाडका डावा समास कापून दिला. भावजी बूट घालून रस्त्यावर उतरले, आणि कुलपे दुरुस्त करणारा, बागेची रोपे विकणारी, बासरी शिकविणारे मास्तर, ऐशा एकेकाच्या दुकानी जाऊन आपला फोन त्यांच्या हाती देऊन म्हणत, "वाचून बघा, शेवटापर्यंत पोचता का." ते पोचत, आणि पुष्कळ जागा घेत. वाचक महाराजांपैकी थोड्यांनी हातभार लाविला. थोडे म्हणजे थोडेच, परंतु टाळ्यांहून ते जड होते. खोली परत घेण्याइतकी बरकत अद्याप नाही. दौलत मात्र उभी आहे, आणि सोमवारच्या दरबारी आता प्रथम वेशीतून आत शिरून लेख शेवटापर्यंत वाचावा, मग भांडावे, ऐसा नवा दस्तूर आहे.

आता फत्ते कधी जाहली, ते. तह अंमलात आला त्या दिवशीचा लेख वहिनींचाच होता, शहरातल्या सार्वजनिक घड्याळांविषयी. दुपारी त्या जेवावयास बसल्या आणि काही विचारिले नाही. भूगोलवालेही त्या दिवशी वह्या मिटून, आणि भावजी कचेरी सोडून, ताटावर आले होते. अण्णांनी हात धुतले, आसनावर बसले, आणि चष्म्याचे घर आज खिशातच ठेविले.

"वाचला," अण्णा म्हणाले.

"मग?"

"शेवट लांबला. माणूस घड्याळाखाली थांबला तिथंच संपत होता. पुढचं कशाला?"

वहिनींचे डोळे पाण्याने भरले, आणि त्या हसू लागल्या, आणि भावजींस हाक मारून म्हणाल्या, "ऐकलंत का भावजी? शेवट लांबला म्हणे!" आणि भावजी घास तोंडात असता उठून तीर्थरूपांच्या पाया पडले, आणि अण्णांस यातले काहीच न समजून ते जेवू लागले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती नोंदविली असे. पुढे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु अण्णा हेही वाचणार आहेत.